खंडेनवमीचा पाट

खंडेनवमीला आमच्या वरवंडच्या घरी एक रीत आहे. ज्याचं हत्यार त्यानंच पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं आणि वर्षभरात त्यानं काय काम केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. ही रीत आबांची, म्हणजे वडिलांची. यंदा आपण खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच मी निघालो होतो. आणि तरीही शिक्रापूरच्या चौकात गाडी अडकली तर बरं, असं वाटत होतं. एरवी तिथं जीव जातो, त्या दिवशी नेमका रस्ता मोकळा!

सणसवाडीजवळच्या एका कंपनीत मी डिझाइन इंजिनिअर आहे. तोफगोळ्याचं पोलादी कवच माझ्याकडं असतं. गोळा फुटला की त्याचे तुकडे सारखे आणि चौफेर उडाले पाहिजेत. यंदा ते मला फार छान जमलं. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या, पेढे वाटले गेले. ‘माणूस’ हा शब्द आमच्याकडं कुणी उच्चारत नाही, आम्ही ‘परिणाम’ म्हणतो. सीमेवरच्या जवानाला हे लागतं, हे मला पटतं. पण आमचा माल परदेशातही जातो. तिथं तो कुणाच्या अंगणात पडतो, हे विचारायची माझी छाती झालेली नाही. घरच्यांना कंपनी माहीत आहे, काम नाही.

आबांनी विळा मांडला. “औंदा गुरांचा घास कापला, आन् एकदा माझंच बोट,” ते म्हणाले. सगळे हसले. वहिनी गावात आशाताई आहे. तिनं वजनकाटा ठेवला. “ह्यानं वाडीतली समदी बाळं तोलली.”

मी लॅपटॉप ठेवला.

“आन् ह्यानं काय केलं रं?” आबांनी विचारलं.

“पार्ट काढले.”

“कशाचं?”

“गाडीचे.”

खोटं बोलल्याची लाज वाटली. ते इतकं सहज तोंडून निघालं याची त्याहून जास्त वाटली.

“ब्रेकचं व्हय?” आईनं कौतुकानं विचारलं. मी मान हलवली.

तिनं पुढं होऊन लॅपटॉपला स्वतःच्या हातानं कुंकू लावलं, त्यावर डोकं टेकवलं आणि म्हणाली, “समद्यांची लेकरं सुखरूप घरी पोचीव रं बाबा.”

बाकीच्यांनी हात जोडले.

“भावजी, हात तरी जोडा,” वहिनी म्हणाली.

मी जोडले.