डाव्या बाजूचा आवाज

चांगला फुटबॉल मी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि आता मला फुटबॉल पाहवत नाही. आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत यावरून अजून वाद होतो. तरुण मास्तर म्हणतात, खेळ पाहायचा तर वरच्या गटाचा. खालच्या गटात काय, चिखल आणि शिव्या. दोन्ही गट मी पाहिलेत आणि जास्त आनंद कुठे मिळाला हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ते सांगायचं तर मिस्त्रीचं सांगावं लागतं, आणि मिस्त्रीचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मी अकोल्यात मास्तर होतो. घर भिक्षुकाचं. चामड्याचा चेंडू शिवून आलेल्या मुलाला वडील मागच्या दारी आंघोळ केल्याशिवाय आत घेत नसत, त्यामुळे पावसाळ्यातल्या प्रत्येक रविवारी मी दोनदा आंघोळ करत असे. वडिलांना वाटे, पोराला कुठलं तरी व्यसन लागलंय. तसं ते खरंच होतं.

खेळ चाले कापसातली सरकी काढायच्या एका जिनाच्या मागच्या आवारात. दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे कापसाच्या गाड्या उभ्या असत; हंगाम संपला की आवार रिकामं, म्हणून आमचं. जमीन मुरमाची. फक्त टाकीजवळच्या कोपऱ्यात काळी माती होती, आणि पाऊस झाला की तिथे पाय घोट्यापर्यंत जाई. आमचा लेफ्ट आउट पाहुण्या संघाला गोड बोलून नेल्यासारखा त्या कोपऱ्यात नेऊन सोडायचा. कुंपणाच्या बाभळीवर गेल्या हंगामातला कापूस अडकलेला असे, आणि बॉयलरच्या मागे राखेचा ढीग. मैदानाच्या रेघा त्या राखेने आखायच्या. हे काम माझं. डब्याला भोकं पाडून मी सकाळीच रेघा मारून ठेवी, आणि अर्धा खेळ होईपर्यंत पाऊस त्या धुऊन काढी. मग माणसं उभी असत तीच रेघ.

खेळ कसा होता म्हणाल तर वाईट होता. उगाच गोडवे गाण्यात अर्थ नाही. चेंडू पाणी पिऊन इतका जड होई की डोक्याने मारला तर डोळ्यांपुढे काजवे चमकत. एखादा गडी अकोटला सासरी गेलेला असला की बघ्यांतलाच एक धोतर खोचून आत घेतला जाई. आमचा गोलकीपर हॉटेलवाला. चुलीवर दूध ठेवून आलेला असे, त्यामुळे त्याचं अर्धं लक्ष घराकडे. बघे खेळाडूंशी बोलत, आणि खेळाडू खेळता खेळता उत्तर देत. कुणी चेंडू वाया घालवला की त्याच्या सात पिढ्या निघत. त्या उद्धारात आपला स्वतःचा आवाज ऐकू येण्याचं जे सुख होतं, ते मला पुढे कशातच मिळालं नाही.

मिस्त्री आमचा लेफ्ट बॅक आणि कप्तान. जिनात फिटर होता, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. भट्टीतली ठिणगी उडून त्याचा डावा डोळा गेलेला. एका डोळ्याचा माणूस डाव्या बाजूला खेळतो ही आमच्या संघाची अक्कल, असं पाहुणे म्हणत. त्यांना आतली गोष्ट माहीत नव्हती. मी डाव्या रेघेवर उभा असे, आणि कुणी त्याच्या आंधळ्या अंगाने आला की ओरडे, ‘डावा!’ एवढंच. मिस्त्री मान न वळवता पाय टाकी आणि चेंडू काढून घेई. अर्धा खेळ झाला की संघ बाजू बदलत. मग मीही मैदान ओलांडून समोरच्या रेघेवर जाऊन उभा राही. मिस्त्री सगळ्यांना हसून सांगायचा की त्याचा एक डोळा मास्तरच्या गळ्यात आहे. मी कधी चेंडूला पाय लावला नाही, पण त्या संघात मी खेळत होतो. माझ्याविना मिस्त्री अर्धा होता, आणि हे आम्हा दोघांनाच नव्हे, सगळ्या आवाराला ठाऊक होतं. एवढं मानाचं स्थान मला ना घरात होतं, ना शाळेत.

त्या वर्षी आम्ही ‘ब’ गटाची ढाल जिंकली. त्याच सुमारास नागपूरचे एक नात्यातले वकील सुटीत आमच्याकडे आले होते. मी मोठ्या हौसेने त्यांना आवारात नेलं. त्यांनी छत्री धरून पूर्ण खेळ पाहिला, पोट धरून हसले, आणि परतताना म्हणाले की करमणूक छान झाली, पण याला काही फुटबॉल म्हणत नाहीत. फुटबॉल पाहायचा तर अमरावतीला ‘अ’ गटाचे सामने पाहा. ते सहज बोलून गेले. मला मात्र ते चांगलंच झोंबलं. मला ज्यात एवढा आनंद वाटत होता, त्याची मला त्या क्षणी लाज वाटली. वरच्या कुणी तरी मान डोलावल्याशिवाय आपल्या सुखाला सुख म्हणायची माझी छाती नव्हती. हा माझा दोष आहे, आणि तो म्हातारपणीही गेलेला नाही.

‘ब’ गटाची ढाल जिंकणाऱ्याला ‘अ’ गटात एक सामना मागता येई. तोवर कुणी मागितला नव्हता. मी इंग्रजीत अर्ज लिहिला आणि मगच संघाला सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. हॉटेलवाल्याला गंमत वाटली, बाकीचे एकमेकांकडे पाहत राहिले. मिस्त्री बराच वेळ पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधत बसला होता.

“मास्तर, आपलं इथंच बरं आहे,” तो म्हणाला. “तिथं मले डाव्या अंगाचं कोन सांगन?”

“मी आहे ना,” मी म्हणालो.

तो लगेच तयार झाला. त्याला त्याहून जास्त काही विचारायचंच नव्हतं.

भाद्रपदातल्या एका रविवारी आम्ही पहाटेच्या गाडीने निघालो. आवारातली निम्मी माणसं बरोबर होती, भाकरी आणि ठेचा बांधून घेतलेली. मूर्तिजापूरला चहा झाला, बडनेऱ्याला गाडी बदलली. डब्यात इतका दंगा होता की एका प्रवाशाने वरात कुणाची म्हणून विचारलं. मिस्त्री खिडकीशी बसून पावसाने न्हालेली कापसाची पऱ्हाटी पाहत होता. पीक यंदा चांगलं आहे, जिन लवकर सुरू होईल, असं तो म्हणाला.

अमरावतीच्या मैदानाला चहूबाजूंनी कनात होती. रेघा चुन्याच्या, सरळ. रेघेपासून पंधरा पावलं मागे दोर बांधलेला, आणि दोराच्या आत कुणीही यायचं नाही असा नियम. आमच्या माणसांना समोरच्या टोकाला, गोलच्या मागे जागा मिळाली. मी संघाचा सेक्रेटरी, म्हणून माझ्या कोटाला रेशमी फीत लावली गेली आणि मला मंडपात खुर्चीवर बसवण्यात आलं. शेजारी तिथले वकील, हेडमास्तर, एक टोपीवाला साहेब. मी फीत दोनदा सरळ केली. मंडप डाव्या रेघेवरच होता, पहिल्या अर्ध्या खेळात मिस्त्रीच्या बाजूला. आरोळी ठोकली असती तर त्याला सहज ऐकू गेली असती.

खेळ सुरू झाला, आणि खोटं कशाला बोलू, तसा खेळ मी कधी पाहिला नव्हता. चेंडू त्या लोकांच्या पायांतून बोलल्यासारखा फिरत होता. कुणी कुणाला शिव्या देत नव्हतं. मंडपात सगळे हळू आवाजात बोलत, आणि चांगली चाल झाली की दोन बोटांवर टाळी वाजवत. त्यांचा एक पोरगेला गडी मिस्त्रीच्या आंधळ्या अंगाने निघाला. माझ्या घशात ‘डावा’ आला. शेजारचे हेडमास्तर साहेबाला काही तरी समजावून सांगत होते. मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

तो पोरगा मिस्त्रीला ओलांडून गेला. मिस्त्रीला तो गेल्यावरच कळलं. पुढच्या वेळी तसंच झालं. मग त्या संघाला डावी बाजू सापडली, आणि ते सारखे तिकडूनच येऊ लागले. दर वेळी मिस्त्री थांबून रेघेकडे बघे, त्याच्या चांगल्या डोळ्याने, सगळी मान फिरवून. रेघेवर कुणी नव्हतं, नुसता चुना. मंडपात इतक्या पगड्या आणि टोप्या होत्या की त्यात त्याला मी दिसलो नसेन. एकदा मी अर्धवट उठलो. साहेबाने माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुन्हा बसलो. अर्धा खेळ झाल्यावर मिस्त्री समोरच्या रेघेकडे गेला; मी खुर्चीवरच राहिलो.

शेवटचा गोल फार देखणा झाला. डावीकडून चेंडू आला, मिस्त्रीच्या जवळून वाऱ्यासारखा गेला, आणि मिस्त्री जागच्या जागी गरगर फिरला, गर्दीत हात सुटलेल्या माणसासारखा. मंडपाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हे लिहिताना माझ्या हातांकडे मला बघवत नाही.

परतीच्या गाडीत कुणी बोलत नव्हतं. हरण्याचं दुःख नव्हतं. हरणं आवारातही व्हायचंच, आणि मग आठवडाभर ते चघळायला मिळायचं. पण या सामन्यातलं चघळण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं. तो आमचा नव्हताच. बडनेरा सुटल्यावर मिस्त्री माझ्याजवळ येऊन बसला.

“मास्तर, तुमी आवाज काहून नाई देला?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून तर मला खरं बोलता आलं नाही. मी म्हणालो, “दिला होता मिस्त्री. सारखा देत होतो.”

त्याने बोटाने कान हलवून पाहिला.

“मंग माहा कानबी गेला,” तो म्हणाला. “डोया तं पयलेच गेला होता.”

मला तेव्हाच बोलता आलं असतं. अकोला यायला पुष्कळ वेळ होता.

त्यानंतर मिस्त्री खेळला नाही. एका डोळ्याच्या बहिऱ्या माणसाने बॅकवर उभं राहून संघ बुडवू नये, असं त्याचं म्हणणं. बायको त्याच्या कानात लसणाचं कोमट तेल घाली. जिनात त्याने सगळ्यांना आपणहून सांगून टाकलं, कारण यंत्रांजवळ बहिरा माणूस असला तर बाकीच्यांना माहीत हवं. लोक त्याच्याशी मोठ्याने बोलू लागले. रस्त्यात टांगेवाले त्याला लांबून हाका मारत, आणि तो बिचारा तेवढ्याच मोठ्याने उत्तर देई. मी दर रविवारी सकाळी ठरवत असे की आज सांगायचं. मग राखेचा डबा उचलून रेघा मारायला लागे.

पुढच्या पावसाळ्यात आमचा संघ पुन्हा ‘ब’ गटात खेळला. मिस्त्री बघायला आला आणि माझ्या शेजारी डाव्या रेघेवर उभा राहिला. पाऊस भुरभुरत होता. नेहमीचा गलका, नेहमीच्या शिव्या, बायका भिंतीवर बसून हसत होत्या. मला कित्येक महिन्यांनी बरं वाटत होतं. एवढ्यात कुणी तरी आडवी लाथ मारली आणि तो जड, ओला चेंडू थेट मिस्त्रीच्या आंधळ्या बाजूने त्याच्या कानशिलावर येऊ लागला.

“डावा,” मी म्हणालो. ओरडलो नाही. ओरडायला वेळच नव्हता. श्वासाबरोबर आला तेवढाच तो शब्द.

मिस्त्रीने मान न वळवता डोकं मागे घेतलं. चेंडू त्याच्या नाकासमोरून गेला.

मग तो हळूहळू वळला, पूर्ण, चांगला डोळा माझ्याकडे येईपर्यंत. त्या डोळ्यात एक एक गोष्ट जागेवर बसत गेलेली मला दिसली. कनात, मंडप, माझा कोट.

“मास्तर,” तो म्हणाला, “हळूच तं बोलले तुमी.”

तो खेळ संपेपर्यंत माझ्या शेजारी उभा राहिला, निघताना नेहमीसारखा रामराम केला, आणि पुन्हा कधी आवारात आला नाही. मी पुढच्या रविवारी रेघा मारल्या नाहीत, त्यापुढच्याही नाहीत.

अकोला सोडून मला आता बरीच वर्षं झाली. सोडण्याच्या आधी एकदा कामासाठी जिनात गेलो होतो. फाटकावरचा माणूस मिस्त्रीला कानाशी तोंड नेऊन ओरडून काही सांगत होता, आणि मिस्त्री निमूटपणे मान हलवत होता. कान चांगला आहे हे त्याने कुणाला सांगितलेलंच नव्हतं. सांगितलं असतं, तर लोकांनी अमरावतीचं विचारलं असतं.