भुरीला आटवताना

शिरूर अनंतपाळजवळच्या त्या वस्तीत जनावराचं काही बिनसलं, की लोक आधी नागुबाईंना हाक मारत आणि मग डॉक्टरला फोन करत. साठी उलटली तरी धार काढायला त्या सुनेला बसू देत नसत. म्हणूनच त्या सकाळी भुरी गाय उठेना, तेव्हा नागुबाईंनी कुणालाच हाक मारली नाही.

त्यांनी ढुसण्या देऊन पाहिलं. भुरीने पाय रोवले, थरथरली आणि पुन्हा बसली. मान वळवून तिने कुशीला टेकवली. नागुबाईंनी तिचा कान धरला. ऐन उन्हाळ्यात कान गार! भुरीच्या पोटात सात महिन्यांचं वासरू होतं.

कशाने झालं ते त्यांना ठाऊक होतं. पाच दिवसांपूर्वी त्यांनी गाय आटवायला घेतली होती. व्यायच्या आधी दोन महिने दूध बंद करायचं, कासेला विसावा द्यायचा. आई माहेरी, इस्लापूरला करायची तसंच केलं: पेंड बंद, हिरवं बंद, मूठभर कडबा आणि एक वेळ पाणी. आईची गावरान गाय चार दिवसांत आटायची. भुरी संकरित, तिची एका वेळची धारच अजून सहा लिटर होती. सून विशाखा म्हणाली होती, "आत्या, उपाशी नका ठेवू."

"आता तू शिकीव मला," असं म्हणत त्यांनी पेंडीचं पोतं आपल्या खोलीत नेऊन ठेवलं होतं.

आता त्या भुरीला करडईचं तेल पाजायला घेऊन आल्या, तर विशाखाने हात धरला. "तिला गिळता येईना आत्या. छातीत जाईल." आणि तिनेच डॉक्टरला फोन लावला.

तरुण आदिनाथ डॉक्टर मोटारसायकलवर आले. शेजारची महादेवी लगेच भिंतीवरून डोकावली. "काय वो नागुबाई, तुमच्या दारात डाक्टर? सूर्य कुणीकडं उगवला?"

नागुबाईंनी तिच्याकडे पाठ केली.

डॉक्टरांनी नाकपुडी पाहिली, कोरडी होती. पोटाला कान लावला. "आई, खायला काय होतं हिला?"

"रोजचंच."

डॉक्टर घुटमळले. "व्यालेली गाय अशी बसली, तर मी डोळे झाकून कॅल्शियम दिलं असतं. हिला अजून दोन महिने हायत. शिरेतून दिलेलं कॅल्शियम काळजावर येतं. आजार दुसराच निघाला, तर गाय सुईवरच जाईल. नीट आठवा."

विशाखाला सगळं माहीत होतं. पण ती खाली बघत उभी राहिली. भिंतीवर महादेवी. भुरीचे डोळे मिटत चाललेले.

"म्या उपाशी ठेवलं तिला," नागुबाई म्हणाल्या. "पाच दिस. अन् धार काढीत राहिले."

महादेवीचं हसू मावळलं.

"म्हंजे अंगातलं कॅल्शियम दुधात गेलं अन् आत काहीच आलं न्हाई," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बाटली टांगली. थेंब थेंब सोडत, तपासणीची नळी कानाला लावून ते तिचं काळीज ऐकत राहिले.

"जरा जोरात सोडा की, साहेब."

"न्हाई आई. घाई केली तर काळीज बंद पडंल."

अर्ध्यावर त्यांनी एकदम बाटलीच्या नळीवरचा चिमटा दाबला. थेंब थांबले. भुरीचं डोकं मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. ते डोकं दगडासारखं जड वाटलं. डॉक्टर काळीज ऐकत होते. मग ठोके सावरले आणि चिमटा सैल झाला.

बाटली संपता संपता भुरीच्या अंगावर काटा आल्यासारखं झालं. तिने आंबूस ढेकर दिला. कोरड्या नाकपुडीवर दवासारखे बारीक थेंब उमटले. शेणाचा पो पडला आणि अर्ध्या तासाने ती धडपडत उभी राहिली.

"पाणी कधी तोडायचं न्हाई, आई. पेंड कमी करा, पण वैरण पोटभर द्या. कशी आटवायची ते मी सांगतो."

"सांगा," नागुबाई म्हणाल्या. आणि एकदम त्यांना आठवलं. कालच महादेवीने आपली गाय आटवायला घेतली होती. त्यांनाच विचारून.

त्या तशाच शेणाच्या हातांनी पलीकडे धावल्या. महादेवी आधीच पाण्याची बादली घेऊन गोठ्यात उभी होती.

"तुमीच सांगितलं व्हतं ना वो?" ती पुटपुटली.

"हाव, म्याच सांगितलं. आता म्याच सांगून राहिले, पाज तिला."

गायीने बादलीत तोंड घातलं. नागुबाईंनी तिचा कान धरला. कान ऊन होता. तरी बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.