अर्ध्या बादलीचा मोगरा

ऐंशीच्या दशकात धुळ्याला, देवपुरात आमच्या गल्लीत चार दिवसांनी नळ यायचा. तशातच समोर भाड्याने राहणाऱ्या बाईंनी दारात मोगरा लावला. तो शेळीने खाल्ला, तर त्यांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. उन्हाने करपला, तर जुनं लुगडं बांधून सावली केली. पाणी वाया जातं म्हणून शेजारणी कुरकुरायच्या. शेवटी मीच विचारलं, "पाण्याची एवढी ओढाताण, आणि मोगरा कशाला?"

"मना वाटानं पानी शे, भाऊ. अर्धी बादली मी न्हास, अर्धी त्याले देस." आपल्या वाट्याच्या बादलीतल्या अर्ध्या पाण्यात त्या अंघोळ उरकत आणि उरलेलं मोगऱ्याला घालत.

पुढच्या चैत्रात सात कळ्या उमलल्या. त्याच शेजारणी फांद्या मागायला आल्या, आणि बाईंनी त्या आनंदाने दिल्या. शेजारणींची रोपं फुलली तोवर बाई साक्रीला राहायला गेल्या होत्या. तिथेही त्यांनी मोगरा फुलवला असणार, याबद्दल मला शंका नाही.