आधी हात कुणी करायचा

मी एकतीस वर्षं सरकारी लाल बस चालवली. शाळा चौथीपर्यंत. पण समोरून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर कसल्या मनाचा आहे हे मला काचेतून कळतं, त्याला शाळा लागत नाही.

रस्त्यात दोन बस समोरासमोर आल्या की ड्रायव्हर एकमेकांना हात करतात. आमच्या मार्गावर काही जण मला करत नसत. माझ्या मागच्या गाडीला करत, पुढच्या गाडीला करत. मी नवा होतो तेव्हा रोज आधी हात करायचो आणि समोरचा सरळ रस्त्याकडे बघत निघून जायचा. कारण त्यालाही ठाऊक होतं, मलाही. आमची वस्ती गावाच्या कुठल्या टोकाला आहे हे डेपोत सगळ्यांना माहीत होतं. वर्षभर सोसलं आणि मग ठरवलं, आधी समोरच्यानं करायचा, मग मी. रिटायर होईपर्यंत हे मोडलं नाही. ह्याला कोणी अहंकार म्हणतं. म्हणू दे.

बायको गेल्यावर मुलानं मला तीन महिन्यांसाठी जर्मनीला नेलं. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. तो झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. कामाला बसनं जायचा आणि रविवारसाठी त्यानं एक जुनी स्पोर्ट्स कार घेऊन ठेवली होती. हिरवी, ठेंगणी, दोन माणसांची, छप्पर हातानं मागे दुमडायचं. बसलो की ढुंगण रस्त्याला लागेल असं वाटायचं.

पहिल्याच रविवारी समोरून तसलीच उघडी गाडी आली आणि आतल्या माणसानं पंजा दाखवला.

मी म्हणालो, "हळू घे. पुढे चेकिंग आहे."

मुलगा हसायला लागला. "नाही हो बाबा. इथली रीत आहे ही. असल्या गाडीवाले एकमेकांना हात करतात."

"ओळखीचा आहे?"

"नाही."

"मग त्याला काय पाहिजे तुझ्याकडून?"

"काही नाही. नुसता हात करतो."

काही नको असताना माणूस हात करतो, हे मला पटलं नाही. तेव्हापासून मी रस्ता सोडून माणसंच बघायला लागलो. आणि बघितलं ते असं, की दरवेळी आधी हात करायचा तो माझा मुलगा. समोरून दहातले दोन करायचे. बाकीचे मान सरळ ठेवून जायचे. ती सरळ मान मला चांगली ओळखीची होती.

"रीतच मोडत चाललीय," मुलगा म्हणाला. "नवीन लोकांना माहीतच नाही. ज्या आजोबांनी मला ही गाडी विकली ते सांगायचे, पूर्वी रविवारी हात करून करून त्यांचा खांदा दुखायचा."

"त्याचा दुखायचा. तुझा दुखतो का?"

मी तिथं थांबायला पाहिजे होतं. पण मी म्हणालो, "लांबून त्यांना गाडी दिसते. जवळ आल्यावर तू दिसतोस."

घरी सून म्हणाली, "अहो बाबा, असं कशाला बोललात? एवढी एकच हौस आहे ह्यांना."

"हौस करू दे," मी म्हणालो. "लाचारी नको."

बोललो तर खरं, पण पुरावा पाहिजे ना? पुढच्या रविवारी चहाची बाटली घेऊन मी गावाबाहेरच्या वळणावर, सफरचंदाच्या झाडाखाली बाक होता, तिथं जाऊन बसलो. उघड्या गाड्या त्याच रस्त्यानं डोंगराकडे जायच्या. गोरा गोऱ्याला हात करतो का ते बघायचं. केला तर एक खडा उजव्या खिशात, नाही केला तर डाव्या. संध्याकाळी डावा खिसा लोंबायला लागला. उजव्यात तीन खडे. मला वाटलं, आज ऊन फार होतं, लोकांना दिसलं नसेल. पुढच्या रविवारी परत गेलो. परत तेच. ते एकमेकांनाही करत नव्हते. माझं म्हणणं खरं ठरेना म्हणून मला राग यायला लागला, हे लिहिताना आता लाज वाटते, पण आला होता.

तिसऱ्या रविवारी मी बाकावर असताना आमचीच हिरवी गाडी आली. मुलगा एकटा होता. मी तिथं असतो हे त्याला माहीत नव्हतं, फिरायला जातो असंच मी घरी सांगायचो. समोरून एक लाल गाडी येत होती, जुनी. चालवणारा माझ्या वयाचा, पांढऱ्या मिशांचा. त्यानं लांबूनच हात केला. सगळा हात, कोपरापासून.

माझ्या मुलाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. मान सरळ. दिसलं नाही असं नव्हतं, त्याचा जबडा आवळलेला मी बघितला.

म्हाताऱ्याचा हात तसाच वर राहिला. मग त्यानं तो खाली घेतला आणि माझ्यासमोरून गेला. त्याचा चेहरा मी बघितला. तसा चेहरा मी आरशात बघितलाय. आणि तो चेहरा त्याला दिला होता माझ्या पोरानं, माझ्या शिकवणीनं.

घरी येऊन जेवायला बसलो. म्हणालो, "त्या म्हाताऱ्यानं हात केला तेव्हा तू केला नाहीस."

मुलगा चमकला. "तुम्ही कुठे होतात?"

"होतो तिथंच. बाकावर."

"तुम्हीच म्हणालात, लाचारी नको."

"म्हणालो. चुकलं ते."

सुनेचा चपाती वाढायचा हात थांबला. हा शब्द माझ्या तोंडून तिनं कधी ऐकला नव्हता.

मुलगा ताटात बोट फिरवत म्हणाला, "सगळंच चुकलं नाही बाबा. काही जण असतात तसे. पण कोण तसा आणि कोण नुसता आळशी, हे चालत्या गाडीत मला कसं कळणार? प्रत्येकावर कोर्ट भरवत बसू का?"

मी म्हणालो, "निदान म्हाताऱ्यांना तरी करत जा."

"आल्झो, सगळ्यांनाच करतो," तो म्हणाला आणि हसला. आल्झो म्हणजे तिकडचं 'तर मग'.

माझं परतीचं विमान बुधवारी होतं. त्याआधीच्या रविवारी आम्ही दोघं निघालो. पहिल्या गाडीला त्यानं हात केला, उत्तर नाही. दुसरी, नाही. मी जीभ दाताखाली धरून बसलो. तिसऱ्या गाडीत एक बाई होती, काळा चष्मा, वाऱ्यावर उडणारे केस.

"केला," मुलगा म्हणाला.

"केस सावरले असतील तिनं," मी म्हणालो.

खात्री करायला मी पट्टा मानेला काचत असताना पूर्ण मागे वळून बघितलं. गाडी वळणापर्यंत पोचली होती. तिचा हात दाराबाहेर, उंच, अजून हलत होता.