स्वर्गीय नर्तकाचं घरटं आणि मी बांधलेली फांदी

जूनमध्ये झाशीला चाललेय म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. नवरा म्हणाला, "नागपूरचं ऊन पुरत नाही का तुला?" पण मी हट्टाला पेटले होते. पाच वर्षं कॅमेरा गळ्यात अडकवून फिरतेय आणि स्वर्गीय नर्तक या पक्ष्याचा एक धड फोटो माझ्याकडे नव्हता. पांढराशुभ्र नर, हातभर लांब फितीसारखी शेपटी. तो दिसतो आणि कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत फांद्यांत गडप होतो. झाशीच्या अण्णाकाकांनी फोनवर सांगितलं की बबीना गावाच्या वाटेवर त्यांच्या मित्राच्या बागेत एका जोडीनं घरटं केलंय, पिल्लंही आहेत. मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

नागपूरहून सकाळची गाडी धरली तर संध्याकाळी झाशी येते. या दिवसांत एसीच घ्या, तिथे काटकसर नको. अण्णाकाका माझ्या वडिलांचे मावसभाऊ. त्यांचे पूर्वज पेशवाईत फौजेबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. आता मानिक चौकाजवळच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांत नवरा-बायको दोघंच राहतात. "ये, बैस. सफरमध्ये तकलीफ नाही ना झाली?" असं त्यांचं मराठी. काकू मात्र स्वयंपाकघराला अजून मुदपाकखाना म्हणते, आणि त्या मुदपाकखान्यात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला दारातच थांबावं लागतं. रात्री आमटी-भात आणि बडा बाजारातून आणलेली गरम जिलबी खाल्ली.

ऑटो आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा, सकाळी घासाघीस करण्यात उजेड वाया जातो. आम्ही साडेपाचला निघालो. शहर सुटलं की खडकाळ टेकड्या लागतात आणि त्यांवर करधईची झाडं, पार वाळून काटक्या झालेली. "मेलेली नाहीत ती," काका म्हणाले. "हवेत जरा नमी आली ना, की हिरवी होऊन जातात बघ."

बाग पेरू-लिंबाची, मागे आटत आलेला ओढा आणि काठाला जांभळाची झाडं. राखणदार हरदयाल साठीचा, डोक्याला गमछा. "इतै आओ बिन्नू," त्यानं हळूच बोलावलं. बिन्नू ही इकडे लेकीबहिणीला मारायची हाक. एका जांभळाच्या खालच्या बेचक्यात, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, वाटीएवढं घरटं होतं. त्यातून तीन चोची वर आल्या होत्या. मला हसू आवरेना.

अडचण एकच, पानांनी भरलेली एक फांदी बरोबर मध्ये येत होती. आता आमच्या फोटोवाल्यांची एक रीत सांगते. फांदी मोडायची नाही, ती सुतळीनं बाजूला बांधायची, फोटो काढायचे आणि निघताना सोडायची. याला आम्ही खिडकी उघडणं म्हणतो. आमच्या ग्रुपच्या दामलेसरांनी मला हे शिकवलं आणि आम्हाला त्याचा केवढा अभिमान, की बघा, आम्ही झाडाचं एक पानही तोडत नाही! हरदयाल पाणी सोडायला गेला होता, काका दूर बसून थर्मासमधला चहा पीत होते. मी फांदी बांधली आणि मागे सरकले. दहा मिनिटांत नर आला, शेपटी हवेत सोडून घरट्याच्या कडेला बसला आणि तीनही चोची एकदम उघडल्या. मी धडाधड फोटो काढले.

साडेआठला ऊन चटके देऊ लागलं तेव्हा निघालो. फांदी मी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचंच होतं. उगाच सोडायची, परत बांधायची, पक्षी दोनदा बिचकणार, अशी मी माझी समजूत घातली. खरं सांगायचं तर तीच चौकट मला उद्या आयती हवी होती.

दुपारी कूलरसमोर लोळत मी फोटो बघत होते. नीट दिसावं म्हणून खिडकीचा पडदा सरकवला होता. काकू आत आली आणि ओरडलीच, "अगं, पडदा लाव ना! एवढ्याशा खोलीची भट्टी होऊन जाईल!" मी उठले, पडद्याला हात घातला आणि लक्षात आलं. ती फांदी घरट्याची सावली होती.

मी तशीच बागेकडे निघाले. काकाही बरोबर यायला उठले, त्यांना काकूनं अडवलं. माझ्या ओढणीच्या टोकाला तिनं कांदा बांधला, उन्हाची लू लागू नये म्हणून. "मैडम, इस धूप में?" ऑटोवाला म्हणाला. दुप्पट भाडं कबूल केलं तेव्हा तो हलला. त्या अर्ध्या-पाऊण तासात मी काय काय नवस बोलले ते इथे लिहीत नाही.

घरट्यावर ऊन थेट पडलं होतं. कडेवर नर उभा होता, दोन्ही पंख अर्धे पसरून, चोच वासून धापा टाकत. पिल्लांवर तो आपली सावली धरून होता. कॅमेरा सवयीनं खांद्यावर आलाच होता, आणि क्षणभर माझा हात त्याच्याकडे गेला हेही कबूल करते. मग मी धावत जाऊन सुतळी सोडली. पक्षी उडाला. सहा तास वाकून राहिलेली फांदी अर्धीच परत आली, पानंही मलूल झाली होती.

मागून हरदयालचा आवाज आला. "जा डार कौन ने बाँधी?"

"मैंने."

"काए?"

"फोटो के लिए."

डोक्यावरचा गमछा त्यानं ओढ्याच्या पाण्यात भिजवला आणि वरच्या दोन फांद्यांवर असा पसरला की घरटं सावलीत आलं. मग टाचा उंचावून आत पाहिलं. "दो हैं बिन्नू. एक चलो गओ."

मी तिथेच रडायला लागले. "रोओ नईं," तो म्हणाला. "अब इतै से हटो, बाप खों आन दो."

आम्ही ओढ्यापलीकडे जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं नर परतला.

दुसऱ्या दिवशी मी बागेकडे फिरकले नाही. टेकड्यांवर जाऊन करधईच्या वाळक्या फांद्यांचे फोटो काढले, दिसल्या तशा, एकमेकींत गुंतलेल्या. जाणार असाल तर त्यांच्यासाठीही जा. पाणी भरपूर न्या आणि नऊच्या आत सावलीला या.

घरी आल्यावर आठवड्याभरात काकांचा फोन आला, "हरदयाल म्हणतो, दोन्ही पिल्लं उडून गेली." मी देवापाशी साखर ठेवली.

रविवारी ग्रुपमध्ये मी तो फोटो पडद्यावर लावला. नर, लांब शेपटी, उघडलेल्या तीन चोची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी सगळं सांगितलं, काही न लपवता. कुणीतरी म्हणालं, "अगं, होते चूक. तू फांदी सोडायला विसरलीस इतकंच." मी म्हटलं, विसरले नव्हते.

दामलेसरांच्या हातातला चहा निवून गेला होता. शेवटी ते म्हणाले, "तू परत गेलीस म्हणून तुला कळलं तरी. माझ्या बैठकीत घरट्यांचे नऊ फोटो लावलेत. एकाही घरट्याकडे मी परत गेलेलो नाही."