खो देताना हात लावावा लागतो

तुम्ही दोघा नातवंडांनी खो-खो पाहिलेला नाही, म्हणून आधी खेळ सांगते. आठ मुली एका ओळीत बसतात. नववी पळणारीचा पाठलाग करते आणि बसलेलीच्या पाठीवर हात मारून ‘खो’ म्हणते. मग ती उठून धावते, पहिली तिच्या जागी बसते. नुसतं तोंडानं ‘खो’ म्हटलेलं चालत नाही.

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हा मी जळगाव जामोदला मुलींना इंग्रजी शिकवत असे आणि संध्याकाळी खो-खो घेत असे. संघात दोन जिवलग मैत्रिणी होत्या. एक शेतकऱ्याची मुलगी, दुसरी मुसलमान, आणि सगळ्यांत चपळ.

त्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या मैदानावर एक गृहस्थ मुलांना लाठी आणि कवायत शिकवू लागले. बोलणं गोड, शिस्त कडक. मुलांचे दंड खरोखरच भरले. पण कवायत संपली की ते मुलांना गोल बसवून सांगत, “मुसलमान या देशाचा नाही. त्यांच्याबरोबर खेळू नका, घरच्यांनाही खेळू देऊ नका.” शेतकऱ्याच्या मुलीचा थोरला भाऊ तिथे रोज जाई.

एका संध्याकाळी सरावात ती मैत्रिणीच्या मागे थबकली आणि हात हवेतच ठेवून ‘खो’ म्हणाली. मी शिट्टी वाजवली. पुन्हा तेच. मग ती रडायलाच लागली.

“काय झालं गं?”

“बाई, दादा म्हनते, तिले हात लावला तं घरात पाय ठेवू देनार नाही.”

मैत्रीण बसल्या जागेवरून, मागे न पाहता म्हणाली, “बाई, मले राखीव ठेवा ना. हिले उगाच बोलनी बसतीन.” आवाज तिनं सरळ ठेवला होता, बोटं मात्र मातीत रेघा ओढत होती.

“राखीव कोणी बसणार नाही,” मी म्हणाले. “तू आमच्या संघात आहेस.”

म्हणाले खरी, पण तालुक्याच्या सामन्यापर्यंत मला धास्ती होती. त्या दिवशी भाऊ मित्रांना घेऊन दोरीपाशीच उभा राहिला. शेवटी शेवटी समोरची एकच मुलगी बाद व्हायची राहिली होती. आमची शेतकऱ्याची मुलगी तिच्यामागे धावली, पळणारी नेमकी मैत्रिणीच्या बाजूला वळली, आणि विचार करायला वेळच उरला नाही. पाठीवर असा हात बसला की मला मैदानाबाहेर ऐकू आला. मैत्रीण उठली ती पळणारीला शिवूनच थांबली.

“मारून टाकतं का वं मले? पाठ फोडली माही!”

दोघी हसत सुटल्या. मग शेतकऱ्याच्या मुलीला दोरीपाशी भाऊ दिसला.

मी तिला घरी पोचवायला गेले. भाऊ दारात आडवा. “शिवली ना तिले? राह्य मंग तिकडंच.”

आई पीठ माखल्या हातांनी बाहेर आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काऊन रे, तुह्या गादीचा कापूस कोनं पिंजला? तिच्याच बापानं ना? तू तं रोज अंग टाकतं त्या गादीवर. आज भुईवर झोप मंग. सरक, पोरीले आत येऊ दे. बाई, तुम्ही बी या.”

तो सरकला.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत सांगत आली, “बाई, हट्टानं भुईवर झोपला जी. पहाटे पाह्यतो तं गादीत, डोक्यावरून गोधडी घेऊन!”

कवायतीला तो जातच राहिला. ते माझ्या हातात नव्हतं. पण बहिणीला त्यानं पुन्हा अडवलं नाही, आणि त्या दोघी शाळा संपेपर्यंत माझ्याकडे खेळल्या.