अखमादूने भरलेली हवा

वाळवंटातल्या होगारच्या डोंगरांत अखमादूचं नाव दोन गोष्टींसाठी निघे, त्याच्या चहासाठी आणि त्याच्या दमासाठी. लग्नात बायका तेंदेचा ढोल घेऊन बसल्या की कुणीतरी त्याला डिवचायचंच, "काय अखमादू, होऊन जाऊ दे आज!" मग तो छाती भरून घेई आणि एक आख्खं गाणं, त्यातल्या नवरदेवाच्या टिंगलीसकट, संपेपर्यंत श्वास सोडत नसे. तिथल्या पुरुषांच्या रीतीप्रमाणे नाकातोंडावरून रंग सोडणारं निळं कापड गुंडाळलेलं. त्यामुळे 'आतल्या आत घेतोय लेकाचा' अशी शंका दर लग्नात निघे. तेव्हा त्याची बायको तेहित पुढे होई, त्या कापडासमोर तळहात धरी आणि गंभीर चेहऱ्याने जाहीर करी, "नाही येत. गेला बिचारा. दुसरा बघते आता." हशा व्हायचा, आणि त्या हशातच अखमादूचा श्वास फुटायचा.

हाच दम त्याच्या पोटापाण्याचा होता. डोंगरमाथ्यावर हवामानाचं एक छोटंसं ठाणं आहे. दर आठवड्याला तिथे जाऊन त्याला बाटल्यांची एक जोडी हवेने भरून आणायची असे. बाटल्या म्हणजे जाड काचेचे गोळे; आतली हवा आधीच ओढून घेतलेली, मानेला काचेची तोटी. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, श्वास रोखायचा, बाटली डोक्याच्या वर धरून तोटी फिरवायची. फुस्स करून डोंगराची हवा आत शिरते. तोटी बंद करायची, मागे सरायचं, आणि मगच श्वास सोडायचा. बाटल्या समुद्रापलीकडच्या एका प्रयोगशाळेत जात. त्या मूठभर हवेत कुठला वायू किती, हे तिथे इतक्या बारकाईने मोजत, की मिठाच्या पोत्यातला एक दाणा इकडचा तिकडे झाला तरी कळावा. आणि माणसाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड त्या स्वच्छ हवेच्या शंभरपट. एक निसटता उसासा, की बाटली बाद.

अखमादूची बाटली बाद होत नसे. लेक केल्ला जन्मली त्याच्या आधीपासून तो हे काम करत होता. ती चालायला लागली तशी त्याच्या मागे डोंगरावर जाऊ लागली, आणि नेमकी नको त्या क्षणी तिला हसू येई.

"हसायचं तर त्या दगडामागे जाऊन हस," तो म्हणे. "नाहीतर तिकडचे लोक म्हणतील, होगारच्या हवेला कांद्याचा वास येतो."

"पण अब्बा, इथे तर धूर नाहीच. मग कशाला मोजायची?"

"म्हणून तर. चूल कुणाचीही पेटो, वर्षा-दोन वर्षांत तिचा धूर आपल्या दाराशी येऊन जातो. आपण फक्त सांगायचं, आला म्हणून. उगाच आपल्या पदरचं त्यात घालायचं नाही."

केल्ला शिकायला उत्तरेला राजधानीत गेली आणि तिथेच नोकरीला लागली. काम उपग्रहाचं. उपग्रह वरून जाताना जमिनीवरून परत फिरलेला सूर्यप्रकाश बघतो, आणि त्यावरून हवेच्या आख्ख्या थरात कुठला वायू किती आहे ते काढतात. पण त्याचीही नजर चुकते. मग जमिनीवरच्या मोजणीशी ताडून ती सुधारून घ्यायची. त्या जमिनीवरच्या मोजण्यांत होगारच्या बाटल्याही होत्या. अखमादूला याचं कोण कौतुक! फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"काय म्हणतोय तुझा बिनपायांचा उंट?"

"चाललाय बरा."

"वाळू उडाली की आंधळा होतो म्हणे."

"होतो खरा."

"मग कसला तो उंट! आमचा वाळूतसुद्धा घर शोधतो. पाठव त्याला इकडे, चार दिवस चरेल, शहाणा होईल."

त्या वर्षी वसंतात केल्लासमोर होगारचे आकडे आले ते वेडेवाकडे. एकाच खेपेला पाठोपाठ भरलेल्या दोन बाटल्या एकमेकींशी जुळेनात. कधी एक वर, कधी दुसरी, कधी दोन्ही. तिची वरिष्ठ वर्दिया, वयाने तिच्या आईएवढी, चष्मा कपाळावर सरकवून संगणकाच्या पडद्यात डोकावली.

"हे तुमच्याकडचं ना? गाडीचा धूर शिरला असेल."

केल्लाने पाहिलं. धूर असता तर धुरातला विषारी वायूही वाढला असता. तो होता तिथेच होता. मिथेनही जागच्या जागी. वरून बघणाऱ्या उपग्रहाला त्या डोंगरावर काहीच वावगं दिसत नव्हतं. वाढला होता तो एकच, माणूस बाहेर सोडतो तो.

"धूर नाही," ती म्हणाली. "श्वास आहे."

"कोण भरतं तिथे?"

"माझे वडील."

वर्दियाने खुर्ची ओढली. "हे बघ पोरी, प्रयोगशाळेने कारण विचारलंय. दिलं, तर एवढे महिने बाद होतील. नाही दिलं, तर ते म्हणतील, हा माणूस केव्हापासून असं भरतोय कुणास ठाऊक. मागची सगळी वर्षं बाजूला काढतील."

"आणि दिलं तर काम जाईल त्यांचं."

"जाईल," वर्दिया म्हणाली. तिने उगाच धीर दिला नाही.

केल्ला रजा टाकून घरी आली. अखमादू दारात आला तो भिंतीला हात लावत. "भिंत पडेल की काय म्हणून धरलीय," त्याने आपणहून सांगितलं. जेवताना वाळूत पुरून भाजलेली तागेला भाकरी तो पूर्वी दोन बोटांनी मोडी, आणि बोलणं सुरूच असे. आता एक तुकडा मोडला की हात मांडीवर ठेवून बसे. चहा मात्र त्यानेच केला. किटली उंच धरून ओतताना मध्येच थांबला, खोकला, आणि पुन्हा ओतू लागला.

केल्लाने आईला चुलीपाशी गाठलं. "अब्बांना धाप लागते."

"धूळ आहे. यंदा फारच धूळ."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"म्हणेल काय! छातीचा फोटो काढला. म्हणाला, डोंगर चढू नका. तुझा बाप म्हणतो, मग डोंगराला सांगा खाली यायला." तेहितने भांड्यात डाव जोरात फिरवला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू त्याला काही बोलू नकोस गं. आठवड्यातून एक दिवस तो आपला आपण उठतो. बाकीचे दिवस मी उठवते."

सकाळी ती त्याच्याबरोबर निघाली. गाडी माथ्याच्या खाली, वारा जिकडे जातो त्या अंगाला ठेवायची आणि वर पायी जायचं, ही तिथली शिस्त. पूर्वी अखमादू पेटी खांद्यावर टाकून पुढे निघून जाई आणि वरून तिला हाका मारी, "आलीस का, की पाठवू उंट?" आज पेटी केल्लाने उचलली, आणि तो तिच्या मागून चालू लागला.

वर पोचल्यावर तो बराच वेळ दगडावर टेकून राहिला. मग उठला, तोंडावरच्या कापडाचं टोक सोडवलं आणि आणखी एक वेढा दिला. त्यावर आणखी एक, करकचून.

"गार आहे," तो म्हणाला. ऊन चटकत होतं.

तो वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. बाटली वर गेली. केल्ला बाटलीकडे नाही, कापडाकडे बघत होती. ते आत ओढलं जाई, बाहेर फुगे, पुन्हा आत, धरलेल्या पाखराच्या छातीसारखं. तोटी फिरली, फुस्स झालं, तोटी बंद झाली. अखमादू मागे सरला, वाकून खोकला आणि वळून म्हणाला, "जमलं!"

"अब्बा, कापड हलत होतं."

"वारा आहे."

"वारा समोरून आहे. कापड आतून हलत होतं."

त्याने तोंडावरचं कापड चाचपलं. "इतके वेढे दिलेत," तो म्हणाला, "एवढ्यातून बाहेर काय जाणार आहे?"

तेव्हा केल्लाला सगळं उमगलं. हा माणूस फसवत नव्हता. जन्मभर ज्या कापडाने चारचौघांत तोंड झाकलं, अब्रू राखली, त्याच्यावर त्याने विश्वास टाकला होता. दम पुरेना तसा तो एकेक वेढा वाढवत गेला होता, आणि घरी जाऊन निर्धास्त झोपत होता.

"जातो, अब्बा," ती म्हणाली. "उलट कापडात साचून राहतो आणि हळूहळू येत राहतो."

वाऱ्याने पेटीचं झाकण आपटलं. त्याने ते पायाने दाबून धरलं.

"त्यांना कळलं?"

"श्वास आहे एवढं त्यांनाही कळेल. कुणाचा, ते मला कळलं."

"तुझ्या उंटाला दिसलो का मी?"

"नाही. तो इतकं बारीक बघत नाही."

"तरी म्हटलं." तो थोडं हसला. "सगळ्याच बाटल्या टाकणार?"

"यंदाच्या. खरं सांगितलं तर आधीच्या सगळ्या राहतील."

अखमादूने कापडाला हात घातला. एकेक वेढा सोडवत पार हनुवटीखाली नेला. केल्लाने आपल्या बापाचं तोंड उजेडात असं कधी पाहिलं नव्हतं. ओठ निळे होते, आणि तो निळा रंग कापडाचा नव्हता. तोंड उघडून, लाज सोडून, तो नुसता श्वास घेत राहिला.

"लिही मग," तो म्हणाला. "तुझी आई मध्ये पडायच्या आत लिहून टाक."

"काय लिहू?"

"श्वास लिही. खोकला लिहू नकोस."

मग त्याने जोडीतली दुसरी बाटलीही भरली, तोंड उघडं ठेवूनच. बाद होणार हे ठाऊक असताना भरली. रिकामी बाटली घेऊन डोंगर उतरायची त्याला सवय नव्हती.

केल्लाने लिहिलं. प्रयोगशाळेने आभार मानले, आणि अखमादूची मागची सगळी वर्षं जशीच्या तशी राहिली. काम गेलं. नवा माणूस काही मिळेना. अखमादू दारात बसून डोंगराकडे बघे आणि फोनवर उंटाऐवजी आता दुसरंच विचारी, "या आठवड्याला कुणी गेलं का गं वर?"

"माणूस शोधताहेत, अब्बा."

"शोधू देत. पण हवा काही थांबायची नाही त्यांच्यासाठी."

तेहितने एकदाच फोन हातात घेतला. "केलंस ना खरं? आता ये आणि बघ. तो एक दिवसही गेला त्याचा." आणि फोन ठेवून दिला. पुढे कित्येक रात्री केल्ला मनातल्या मनात त्याचं उत्तर जुळवत राहिली.

थंडी पडायच्या आत अखमादू गेला. केल्ला पोचली तोवर माती देऊन झाली होती. तिकडे कुणासाठी थांबत नाहीत. तेहित पांढऱ्यात बसली होती. विधवेचं तिकडचं सुतक संपेपर्यंत कित्येक महिने तिला उंबरा ओलांडायचा नव्हता. माय-लेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, पण डोंगराचं नाव दोघींनीही काढलं नाही.

केल्लाच्या मनात एकच घोळत होतं. त्या बाद बाटल्या, अब्बांचा श्वास शिरलेल्या. त्यांतली एखादी अजून कुणी उघडली नसेल. आणि उघडली असली, तरी वायू मोजायला थोडी हवा पुरते, उरलेली आतच राहते. तिने प्रयोगशाळेला लिहिलं, अगदी चार ओळी, काय हवंय आणि का. उत्तर कुणीतरी फार हळुवारपणे लिहिलं होतं. बाद बाटल्यांतली हवा काढून टाकतात. सगळ्या पंपाने रिकाम्या करून, धुऊन, परत पाठवलेल्या आहेत. आम्हाला वाईट वाटतं.

आठवडाभराने त्या रिकाम्या बाटल्यांची पेटी, नवा माणूस अजून नव्हता म्हणून, अखमादूच्याच दारी आली. पहिलीच बाटली उचलली आणि केल्लाचा हात थांबला. मानेवरच्या चिकटपट्टीवर, तोटीशेजारी, अंगठ्याएवढा निळा डाग होता. कापडाचा रंग त्याच्या बोटांना असे, आणि बोटांचा सगळीकडे लागे. आतून धुतलं होतं; चिकटपट्टी कुणी धुतली नव्हती.

ती पेटी घेऊन एकटी वर गेली. वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, छाती भरून घेतली, आणि तिला रडू फुटलं. ती मागे सरली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा तेच. रडणारं माणूस श्वास रोखू शकत नाही. शेवटी ती त्या दगडामागे जाऊन बसली, लहानपणी हसायला जायची त्याच, आणि रडणं आपलं आपण संपेपर्यंत तिथेच राहिली. ऊन उतरायला लागल्यावर उठली. बाटली वर धरली, श्वास रोखला, तोटी फिरवली. फुस्स. बंद. चार पावलं मागे, आणि मग श्वास. दुसरीही तशीच.

घरी तेहितने पेटी उघडायला लावली. इतक्या वर्षांत तिने त्या बाटल्यांकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

"यात त्याचं काही आहे का गं?"

केल्लाच्या तोंडावर हो आलं होतं. पण तिने तसं म्हटलं नाही. "नाही, आई. स्वच्छ भरलीय."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

तेहितने ती बाटली मांडीवर घेतली. निळ्या डागावरून अंगठा फिरवला. मग बंद तोटीसमोर तळहात धरला, लग्नात धरायची तसा, आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

"नाही येत," ती म्हणाली.